पिनेच्या पोटातले बांध

अंगठ्याएवढी जाड पोलादी पिन, दोन टन वजन सहज पेलावं म्हणून बनवलेली. ती एका सकाळी दुधाच्या नऊ कॅनांनी तुटते कशी? आणि तुटते तीही जराही न वाकता, खडीसाखरेचा खडा फोडावा तशी टक् करून?

हे कोडं मला कुणी घातलं नाही. ते आमच्याच घरात, आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत, अगदी तळाशी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. शलाका नको तिथे हात घालते असं आई उठता-बसता म्हणते. पण त्या दिवशी पेटी रिकामी करायला मला आजोबांनीच सांगितलं होतं. तेव्हा ह्यात माझा दोष नाही, हे आधीच सांगून ठेवते.

दिवस खंडेनवमीचा होता. आमच्या गावात आता बस आपली आपण चालते, औषधं ड्रोनने येतात, शाळेत यंत्रमानव आहे, तरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होतेच. बसलाही झेंडूचा हार घालतात आणि त्या दिवशी ती जागची हलवत नाहीत. माझे आजोबा हृषीकेश गुळवणी धातुशास्त्रज्ञ आहेत (धातू आतून कसे असतात आणि तसे का वागतात याचा अभ्यास करणारे). तीस वर्षं ते एका कारखान्यात भट्टी विभागाचे प्रमुख होते. त्यांना चमच्याबद्दल विचारलं तर ते लोखंडाच्या खाणीपासून सुरुवात करतात आणि चमच्यापर्यंत पोचेस्तोवर आमटी गार होते.

मी पाने, कानशी, हातोडे पाटावर मांडले आणि फडकं सोडलं. आत पिनेचे दोन तुकडे होते. तुटलेलं तोंड उन्हात धरलं तर बारीक बारीक दाणे चकाकले.

"आजोबा, ही अशी कशी तुटली? खिळा वाकवून वाकवून तोडला की त्याचं तोंड मळकट दिसतं. हे तर चमकतंय."

आजोबा खाणीपासून सुरू होतील म्हणून मी मांडी घालून बसले.  पण त्यांनी एक तुकडा माझ्या हातातून घेतला, "ते असू दे, शलू," म्हणाले आणि पूजा अर्धी टाकून आत निघून गेले. दुसरा तुकडा फडक्यातच राहिला, आणि तिथून तो माझ्या खिशात आला.

ती पिन कसली, हे मला न सांगता कळलं होतं. आमच्या गावात ते कुणाला सांगावं लागत नाही.

अठरा वर्षांपूर्वी आमच्या गावातून डोंगरावरच्या वाडीपर्यंत रोपवे होता. तारेवरून बारा पाळणे वर-खाली जायचे, प्रत्येक एका पिनेवर टांगलेला, आणि पिना आजोबांच्या कारखान्यातल्या. वाडीतली मुलं त्यातून शाळेला यायची, दूधही त्यातूनच खाली यायचं. डिसेंबरातल्या एका कडाक्याच्या सकाळी एका पाळण्याची पिन तुटली आणि पाळणा दोन पुरुष उंचीवरून खाली आदळला. मेलं कुणी नाही, पण पाळण्यातून दूध घेऊन येणाऱ्या वाडीतल्या ताराआजींचं कंबरेचं हाड मोडलं. त्या अजून लंगडतात. चौकशी झाली. पिनेचं माप बरोबर निघालं, कडकपणा बरोबर निघाला. चुकीचं एकच निघालं. नियम आठ कॅनांचा होता आणि रोपवे चालवणाऱ्या विलास चौगुल्यांनी त्या दिवशी नऊ भरले होते. कुणाची तरी गाय नुकती व्यायली होती, दूध जास्त झालं होतं, त्यांना नाही म्हणवलं नाही.

त्यांची नोकरी गेली आणि रोपवे बंद पडला. वाडीची माणसं तेव्हापासून आठशे बारा पायऱ्या चढतात आणि उतरतात. विलासआजोबा रोज सकाळी पायऱ्यांच्या तळाशी येऊन बसतात, ताराआजींचा कॅन आला की उचलून डेअरीत पोचवतात. अठरा वर्षं, एकही दिवस न चुकवता. त्यांना तसं करायला कुणी सांगितलेलं नाही.

शाळेतली मुलं त्यांना 'नववा कॅन' म्हणतात. मीही म्हटलंय, लांबून, भिंतीआडून. दोनदा. खरं सांगायचं तर पुष्कळदा.

आणि आता पंचायतीच्या फलकावर सूचना झळकत होती. दिवाळीच्या पाडव्याला रोपवे पुन्हा सुरू होणार होता. पाळणे जुनेच, पिना जुन्याच, कारण 'सर्व पिनांचा कडकपणा तपासला असून तो योग्य आहे'. फक्त कॅन मोजायला यंत्र बसणार होतं, माणसाची चूक परत होऊ नये म्हणून.

दसऱ्याची सुट्टी संपली तशी मी तो तुकडा घेऊन बारकूकडे गेले. बारकू आमच्या शाळेचा यंत्रमानव. उंचीला पाण्याच्या पिंपाएवढा, आणि डोळ्यांच्या जागी सूक्ष्मदर्शक (अगदी बारीक वस्तू मोठ्या करून दाखवणारं यंत्र). बोलतो मात्र सरकारी पत्रासारखा.

"ही वस्तू कोणाची आहे?" त्याने विचारलं.

"आजोबांची. विचारून आणलेली नाही. आता बघ."

"नोंद घेतली," म्हणाला आणि तुकडा डोळ्यांपुढे धरला.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर चित्र उमटलं. मला वाटलं होतं धातू आतून काचेसारखा सपाट असेल. पण तिथे लहान-मोठे वेडेवाकडे तुकडे दिसले, एकमेकांना घट्ट चिकटलेले.

"हे कण आहेत," बारकू म्हणाला. "तुझ्या एका केसाच्या जाडीत असे दोन-तीन मावतील. वितळलेला धातू थंड होऊ लागला की एकाच वेळी हजारो ठिकाणी अणू रांगा धरून उभे राहू लागतात. प्रत्येक ठिकाणची रांग वेगळ्या दिशेची असते. रांगा वाढत वाढत शेजारच्या रांगांना भिडतात. जिथे भिडतात तिथे दिशा जुळत नाही. त्या जागेला कणसीमा (दोन कणांमधली हद्द) म्हणतात."

मी जरा विचार केला. "म्हणजे डोंगरावरून आपली शेतं दिसतात तसं. एका शेतातल्या सऱ्या आडव्या, शेजारच्या उभ्या, आणि मधे बांध."

"उपमा चालेल."

बारकूकडून हे फार मोठं कौतुक असतं.

"मग ह्या बांधांचा उपयोग काय?"

"धातू वाकतो तेव्हा अणूंच्या रांगा एकमेकींवरून सरकत असतात. सऱ्यांच्या दिशेने सरकणं सोपं. पण सरकत सरकत बांधापाशी आल्या की पुढच्या शेतातल्या सऱ्या भलत्याच दिशेला. सरकणं तिथे अडतं. शेतं जितकी लहान, तितके बांध जास्त. बांध जास्त म्हणजे अडथळे जास्त. म्हणून बारीक कणांचा धातू मजबूत असतो."

"म्हणजे बांध चांगलेच की."

"नेहमी नाही. धातू लालबुंद होईस्तोवर तापला की बांधच आधी सैल पडतात आणि शेतं एकमेकांवरून घसरू लागतात. म्हणून विमानाच्या इंजिनातली जी पाती धगीत फिरतात, ती एकाच कणाची वाढवतात. अख्ख्या पात्यात एकही बांध नाही." बारकूने चित्र आणखी मोठं केलं. "दुसरी गोष्ट. बांधावर रांगा विस्कटलेल्या असतात, मधे फटी असतात. परक्या अणूंना तिथे जागा मिळते."

"बांधावर तण माजतं तसं."

"ह्या पिनेच्या बांधांवर फॉस्फरसचे अणू आहेत. अख्ख्या पिनेत दहा हजार अणूंमागे फॉस्फरसचे तीन. त्याने काही बिघडत नाही. पण बांधावर दर शंभरामागे दहा. फॉस्फरस जमला की बांधावरचे लोखंडाचे अणू एकमेकांना नीट धरत नाहीत. घाव बसला की भेग शेतातून जात नाही, बांधाबांधाने पळते. तुला जे चकाकताना दिसलं ते अख्खे उघडे पडलेले कण आहेत."

 "पण कडकपणा तर बरोबर होता. दोनदा तपासलाय."

"कडकपणा म्हणजे टोक दाबलं तर खड्डा किती पडतो ते. टोक कणांमध्ये रुततं. ती परीक्षा शेतांची झाली. बांधांची परीक्षा हवी तर हातोड्याचा घाव घालून चिवटपणा (घाव सोसूनही न तुटण्याची ताकद) पाहावा लागतो. तो पाहिल्याची नोंद मला कुठे सापडत नाही."

"फॉस्फरस बांधावर गेला कसा?"

"चालत. त्याला ऊब लागते आणि वेळ लागतो. असं पोलाद साडेपाचशे ते चारशे अंश सेल्सिअसमधून झटकन थंड केलं तर त्याला वेळच मिळत नाही. ह्या पिनेला भरपूर वेळ मिळालेला आहे. ती भट्टीतच सावकाश थंड झाली असावी."

"बारकू, ही पिन नवव्या कॅनाने तुटली का?"

त्याने तुकडा परत डोळ्यांपुढे धरला.  "चांगली पिन बारा कॅनांनीही तुटली नसती. ही पिन थंडीच्या दिवशी आठ कॅनांनीही तुटू शकली असती. गारठ्यात असं पोलाद आणखी ठिसूळ होतं."

घरी गेले तेव्हा आजोबा अंगणात त्यांच्या छोट्या विजेच्या भट्टीपाशी बसले होते. मी तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. "बांधांवर फॉस्फरस आहे. पिन भट्टीत सावकाश थंड झालीये. तुमच्या भट्टीत."

मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "बस."

"एकवीस वर्षांपूर्वीची खंडेनवमी," आजोबा सांगू लागले, आणि आज ते खाणीपासून सुरू झाले नाहीत. "चौदा पिना भट्टीत होत्या, सहाशे अंशांवर. त्या बाहेर काढून लगेच पाण्यात टाकायच्या होत्या. पण बाहेर काढायला क्रेन लागते, आणि पोरांनी क्रेनला हार घालून, तिच्या पायाशी सगळी हत्यारं मांडून पूजा सुरू केलेली. मला आधी बघायला हवं होतं. सकाळीच भट्टी रिकामी करून घ्यायला हवी होती. मांडलेली पूजा मोडायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, भट्टी बंद करा, पिना आतच राहू देत, परवा काढू."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"पाठ होतं. पण वाटलं, एवढ्याने काय होतंय. दुसऱ्या दिवशी दसरा. तिसऱ्या दिवशी ट्रक दारात उभा. घाव घालायच्या यंत्रावरचा हारही अजून सुकला नव्हता. मी फक्त कडकपणा पाहिला आणि सही केली."

"आणि पिन तुटल्यावर?"

आजोबा बोटांनी तुकडा फिरवत होते. "चौकशीला तज्ज्ञ म्हणून मलाच बोलावलं. मी ते तोंड पाहिलं आणि संशय आला. भिंगाखाली धरलं असतं तर खात्री झाली असती. म्हणून धरलं नाही. समितीला सांगितलं, कडकपणा बरोबर आहे. ते खोटं नव्हतं."

"खरंही नव्हतं."

"नव्हतं." त्यांनी तुकडा खाली ठेवला. "चौकशीनंतर तुकडे माझ्याकडेच राहिले. दरवर्षी पेटी काढायचो, पिनेला तेल लावायचो, परत ठेवायचो. गंजली असती तर पुरावा गेला असता. तो जाऊ द्यायचा नव्हता, आणि दाखवायचाही धीर नव्हता. मी भित्रा निघालो, शलू."

मला त्यांचा फार राग आला. इतका की रडू आलं. आणि त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं तर 'नववा कॅन' हे माझेच शब्द मला ऐकू आले. मग ओरडलेच नाही.

"वर अकरा पिना आहेत," मी म्हणाले. "पाडव्यानंतर थंडी वाढेल. त्यातून वाडीची मुलं येणार आहेत."

आजोबा उठले, चपला घातल्या. मला वाटलं पंचायतीत चालले. "आधी विलासकडे," ते म्हणाले. "त्याला पंचायतीकडून कळता कामा नये."

विलासआजोबा पायऱ्यांच्या तळाशीच होते. ते आणि आजोबा एका वर्गातले, पण गेली अठरा वर्षं आजोबा त्या रस्त्याने जायचंच टाळत. आजोबांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, भट्टी, हार, सही, काहीही न वगळता. विलासआजोबा ऐकत राहिले. त्यांचा विश्वासच बसेना.

"पण मी नऊ भरले होते," ते म्हणाले.

"बारा भरले असतेस तरी चांगली पिन तुटली नसती."

"मोजले होते मी. नऊच होते, हृषी." दोन वर्षांच्या मुलाला समजवावं तसं ते आजोबांना समजावत होते.  मग म्हणाले, "मला दाखव. बोलून नको. त्याच लॉटच्या दोन जादा पिना माझ्याकडे आहेत. त्यांना मी गंजू दिलेलं नाही."

म्हणजे गावाच्या दोन टोकांना दोन म्हातारे दरवर्षी त्याच पिनांना तेल लावत होते.

आमच्या अंगणात दोन्ही पिना आणल्या. आजोबांनी एक पिन भट्टीत घातली, सहाशेच्या जरा वर. "तेवढ्या उष्णतेत फॉस्फरस बांध सोडून परत शेतांत पांगतो," ते म्हणाले. तासाभराने लांब चिमट्याने पिन काढली आणि थेट पाण्याच्या बादलीत. पाणी चरचरलं, वाफ उठली. "आता त्याला परत जमायला वेळ मिळाला नाही. झालं. एवढंच काम होतं." हे शेवटचं वाक्य ते कुणाला म्हणाले ते मला कळलं.

मग दोन्ही पिनांना करवतीने सारखीच खाच पाडली आणि दोन्ही बर्फात पुरून गार केल्या. भट्टीत न घातलेली पिन आधी शेगड्यात (वस्तू घट्ट आवळून धरणारा लोखंडी जबडा) आवळली. घण विलासआजोबांच्या हातात दिला.

त्यांनी एकच घाव घातला. टक्. तुकडा उडून भिंतीपाशी पडला. मी उचलून आणला. तोंड खडीसाखरेसारखं चकाकत होतं.

दुसरी पिन आवळली. पहिल्या घावाला ती वाकली. दुसऱ्याला आणखी वाकली. विलासआजोबा घाव घालत राहिले, चार, पाच, सहा. खाच फाकली, आतून मळकट राखाडी दिसू लागली, पण पिन तुटली नाही. शेवटी बारकूच्या आवाजाची नक्कल करून मी म्हणणार होते, नोंद घेतली. पण त्यांचा चेहरा पाहून गप्प राहिले.

ते घण टाकून जमिनीवरच बसले.

"सुमनला जाऊन सहा वर्षं झाली," ते म्हणाले. सुमन म्हणजे त्यांची बायको. "जाताना मला म्हणाली, ताराला सांभाळा, आपल्या हातून झालंय ते. आपल्या हातून म्हणाली. माझी चूक अर्धी स्वतःवर घेऊन गेली बाई."

"विलास, माझं चुकलं," आजोबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"माझी माफी मागशील. सुमनची कशी मागणार?"

  मला राहवलं नाही. "मी पण चुकले. मी तुम्हाला नववा कॅन म्हणायचे. भिंतीआडून."

"माहीत आहे," विलासआजोबा म्हणाले. "तुझा आवाज ओळखतो मी."

 मग आजोबांनी खिशातून कागद काढून त्यांच्यापुढे धरला. पंचायतीला पत्र होतं, पिन भट्टीत तापत असताना स्वतःच्या हाताने लिहिलेलं, खाली पूर्ण नाव. त्यात सगळं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की पुढच्या पिना मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाच्या करा. हा धातू चिमूटभर घातला तरी फॉस्फरसला बांधावर सहजी जमू देत नाही. आजोबा म्हणतात, आता काही ठिकाणी तर धातूतले बांध कसे असावेत हे आधी ठरवून मग धातू घडवतात. मी मोठी झाले की तेच करणार आहे, आणि प्रत्येक पिनेच्या बांधांनाही विचारून मगच सही करणार आहे. पण हे मी तेव्हा बोलले नाही. तेव्हा ते बोलायची वेळ नव्हती.

विलासआजोबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं. आजोबांनी भट्टी बंद करायला बटणाकडे हात नेला.

"वर किती पिना आहेत म्हणालास?"

"अकरा."

विलासआजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "उतरवून आणतो. कुठल्या पाळण्याची कशी सुटते ते मलाच ठाऊक आहे." ते फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच, मागे न बघता म्हणाले, "आणि हृषी, भट्टी बंद करू नकोस."